नाव लागलं

ते साल दोन हजार चार. चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, त्या वर्षी उन्हाळा होळीआधीच येऊन बसला होता. दोरीवरचे कपडे कोळशाची काजळी बसायच्या आत वाळत, आणि दुपारी पोलीस ग्राउंडवर चिटपाखरू नसे. अशाच एका दुपारी बिलाल दुकानाच्या मधल्या दारातून घरात आला आणि पायातली चप्पलही न काढता म्हणाला, "अम्मी, भाईजानचं नाव लागलं."

सुलतानाच्या हातात भिजवलेली चिंच होती. कोळता कोळता हात थांबला.

"कोणी सांगतलं?"

"बिरजूनं. गडचिरोलीच्या ऑफिसातल्या. पँट आटवाले आला होता. म्हणे, तुझ्या भावाचं नाव लागलं बे, कालच पाह्यलं मी. मी त्याले चहा पाजला, शिलाईबी नाई घेतली. हसत हसत गेला."

"हसत?"

"मंग काय रडत जाईल?"

बिलालचे अब्बा कय्यूम खाटेवर डोळ्यांवर पंचा टाकून पडले होते. ते उठून बसले. सगळी उमर पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस; या खात्यातली बोली त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती. त्यांनी वर बघून अल्लाचं नाव घेतलं आणि खुंटीवरचा सदरा मागितला. मिठाई आणायला तेच जाणार होते.

नाव कशाला लागलं, हे कुणीच विचारलं नाही. विचारायचं काय होतं? थोरला रईस किती वर्षं पोलिसात नायकच होता, बाहीवर दोनच फिती. त्याच्या मागून भरती झालेल्यांना हवालदारीची तिसरी फीत मिळाली होती. घरातले सगळे कान या एका वाक्याची वाट बघत बसले होते, आणि वाट बघणारा कान दुसरं काही ऐकत नाही.

त्या घरात एक जण वर्दी शिवायचा आणि एक जण घालायचा, असं तीन पिढ्या चाललं होतं. कय्यूमच्या वडिलांनी शिपायांच्या हाफपँटी शिवल्या, त्या कय्यूमनी घातल्या. आता बिलाल शिवत होता आणि रईस घालत होता. घुटकाळा मोहल्ल्यातलं घर विकून ते इथे ग्राउंडजवळ राहायला आले तेव्हा भांडी नंतर आली, शिलाई मशीन आधी आली. वर्दीचा प्रत्येक टाका मशीनचा. फक्त बाहीवरची फीत कधी मशीनवर लागली नाही. ती घरातल्या बाईनेच हाताने लावायची, पहिला टाका बिस्मिल्ला म्हणून. सुलतानाच्या सासूबाई सांगायच्या, "मशीनची शिलाई एका झटक्यात उसवते. हातचा टाका उसवायचा तर एक-एक काढावा लागते. फीत सहज निघाली नाई पायजे."

कय्यूमची पहिली फीत सासूबाईंनी लावली, पुढच्या सुलतानाने. रईसच्या दोन्ही तिनेच. आता बहिणीच्या, फरहाच्या, मंगनीसाठी बिलालने भावाला नवी वर्दी शिवून ठेवली होती. ती तिने मांडीवर घेतली. खिडकीशी बसली, सुई ओवायला डोळे साथ देईनात म्हणून फरहाकडून ओवून घेतली, आणि दोन फितींवर तिसरी बसवली. टाका इतका बारीक घातला की गिरजाबाई शेजारून आली ती बाहीवर बोट फिरवून म्हणाली, "भाभी, हे तं अंगातच उगवल्यासारखी दिसते."

सुलताना हसली. पण सुईचा शेवटचा टाका मारताना तिला बिरजूचं हसणं आठवलं. लगेच विसरलीही.

मंगनी आली तशी दावतही वाढली. आधी फक्त भद्रावतीची मुलाकडची माणसं यायची होती. आता हवालदारी झाली म्हणून ग्राउंडच्या आजूबाजूचे जुने पोलीसवाले, दर्ग्याकडचे नातेवाईक, सगळ्यांना बोलावणं गेलं. रईसला मात्र काही कळवता आलं नाही. एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलात, इरपटोला नावाच्या गावातल्या पोलीस मदत केंद्रात तो होता. तिथे फोन नव्हता. बिनतारी संदेशावर घरच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मंगनीची तारीख त्याला आधीच ठाऊक होती, सुटी मंजूर झाली होती, तेवढं पुरे होतं.

तो आला तो एसटीच्या धुळीने केस पांढरे झालेला. सुलतानाने दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं आहे तिकडं?"

"निरंक," तो म्हणाला.

हाही या घरातला जुना शब्द. घडलं असेल ते वर कळवायचं, आणि काहीच घडलं नसेल तर 'निरंक' म्हणून कळवायचं, अशी पोलिसातली रीत. कय्यूम नोकरीत होते तेव्हा गस्तीवरून परत आले की ती विचारी, काय झालं, आणि ते बूट काढता काढता म्हणत, निरंक. मग ती चुलीवर तवा ठेवी. लग्नाच्या वर्षी तिला या शब्दाचा अर्थही माहीत नव्हता. पण ऐकला की छातीतलं काहीतरी खाली बसतं, एवढं तिला कळे. शेजारच्या गिरजाबाईचा नवरा रामाजी, कय्यूमच्या बरोबरीचा, ज्या दिवशी परत आला नाही त्या दिवशी तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्या दिवसानंतर सुलताना तो जास्तच मन लावून ऐकू लागली.

रईसने हातपाय धुतले, बायकोच्या, निशातच्या, हातचं पाणी प्यायला आणि आतल्या खोलीत गेला. खुंटीवर नवी वर्दी टांगलेली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. निशात मागून म्हणाली, "घरच्यायले आधी तुमाले सांगाचं होतं. सरप्राईज म्हणे बिलालभाई." पुढे कधीतरी निशातने सुलतानाला सांगितलं की तेव्हा त्याने बाही हातात घेऊन उलटी केली आणि आतल्या बाजूने टाके बघितले, आईचेच आहेत का, ते.

"हे कोणी सांगतलं?" त्याने मग विचारलं.

"बिरजूनं. नाव लागलं म्हणून."

"हं," रईस म्हणाला. "मंगनी होऊन जाऊ दे."

तेव्हाच तो बोलला असता तर बरं झालं असतं की वाईट, कुणास ठाऊक. त्याचा बेत होता की दावत उरकावी, पाहुणे जावेत आणि मग अब्बांना एकट्याला गाठावं. पण बिलालने फोटोग्राफर सांगून ठेवला होता.

अंगणात मंडप होता. भद्रावतीहून मुलाची आई कुलसुमबी आल्या होत्या. त्यांचे मालक तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे कॉलनीतल्या क्वार्टरची, तिथल्या शाळेची, तिथल्या पाण्याच्या टाकीची स्तुती त्यांच्या तोंडी सतत. दालचा-खाना झाला, मिठ्याचं ताट फिरलं, फरहाच्या बोटात अंगठी गेली. कुलसुमबींनी पानाचा तोबरा गालात सरकवून रईसला हाक मारली.

"हवालदारसाहेब, वर्दी घालून या ना जरा! एक फोटो होऊ द्या. कॉलनीत दाखवाले पायजे, आमची सून कोणाची बहीण आहे ते."

"राहू द्या, खाला."

"लाजता काऊन? नवरदेव काय तुमी आहा?"

बायका हसल्या. बिलाल आत जाऊन वर्दी घेऊनच आला. हँगरवर ती मंडपातल्या सगळ्यांना दिसली. कय्यूम पुढे झाले आणि बाही सरळ करून तीन फिती वर आणून दाखवल्या, जणू दुकानातलं कापड.

"घाल बेटा."

रईसने वडिलांच्या हातातून वर्दी घेतली. घडी घातली. "नाई घालता येत, अब्बा. नसलेली फीत अंगावर चढवणं गुन्हा आहे. तुमीच शिकवलं."

"नसलेली म्हणजे?"

"नाव लागलं ते खरं आहे. पण ओ.आर.ला लागलं. सोमवारी."

कय्यूमचा हात तसाच हवेत राहिला. मंडपातले जुने पोलीसवाले खाली बघू लागले. त्यांना कळलं होतं. कुलसुमबींना कळलं नव्हतं. "ओ.आर. म्हणजे? दवाखान्यात असते ते? चिरफाड करतात ते?"

"तसंच समजा जी," गिरजाबाई म्हणाली.

ओ.आर. म्हणजे ऑर्डरली रूम, कसुरदारांची साहेबापुढची हजेरी. टोपी आणि कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवायचा, उघड्या डोक्याने आत जायचं, सावधान उभं राहून ऐकायचं. कय्यूमना सगळ्या नोकरीत ती एकदाच घडली होती, तरुणपणी, गस्तीवर डुलकी लागल्याबद्दल. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते.

"काय केलं तू?" त्यांचा आवाज एकदम हवालदाराचा झाला. "दारू पिला? काडतूस हरवलं?"

"काईच नाई केलं अब्बा. तोच तं गुन्हा आहे."

फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत ठेवला. दूरचे पाहुणे पांगले. मंगनीचे मात्र गेले नाहीत. कुलसुमबी पानदान पुढ्यात घेऊन तिथेच बसून राहिल्या, आणि त्यांना जा म्हणायची हिंमत कुणात नव्हती. म्हणून पुढचं भांडण त्यांच्यासमोर झालं. सुलताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिथून तिला सगळ्यांची तोंडं दिसत होती, आणि ती सगळी तिला एकसारखी थकलेली वाटली.

रईसने सांगितलं ते असं. नवे साहेब आले ते कामगिरी मोजायची नवी पद्धत घेऊन आले. हुशार माणूस, इमानदारही. भिंतीवर मोठा तक्ता लावला. ज्या केंद्राच्या केसेस जास्त, धरपकड जास्त, त्याच्यापुढे हिरवी टिकली. मध्यम त्याला पिवळी. ज्याचं निरंक, त्याला लाल. इरपटोल्यापुढे दर महिन्याला लाल.

"लाल टिकली तं चांगली असते, भाऊ," गिरजाबाई म्हणाली. तिचं स्वतःचं कपाळ इतकी वर्षं कोरं होतं. तिच्या बोलण्यावर हसावं की नाही ते कुणाला कळेना.

"मंग टाकाच्या ना दोन केसेस!" बिलाल म्हणाला. "गडचिरोलीत दारूबंदी आहे. जंगलात घरोघरी मोहाची दारू निघते. धरली एखादी बुढी, झाली केस, लागली हिरवी टिकली. त्यात काय मेहनत आहे?"

"एखादी बुढी म्हणजे सोमारी," रईस म्हणाला. "तिचं नाव आहे तिले. गावाच्या देवाची पूजा तिच्या घरून चालते. मोहाच्या दारूचं पहिलं पाणी देवाले दाखवल्याबिगर गाववाले फुलं विकत नाईत, खात नाईत. मी गेलो त्या वर्षी मीबी धरणार होतो तिले. तिनं मले खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, उद्या नाल्याकडून नको जाऊ, टेकडीकडून जा. मी टेकडीकडून गेलो."

"आणि नाल्याकडं काय होतं?" निशातने विचारलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"ते पाहाले मी थोडीच गेलो."

मग तो म्हणाला, "तवापासून असंच आहे. ते सांगतात, मी ऐकतो. माझी शिपाई पोरं पायानं जातात, पायानं येतात. कागदावर काईच होत नाई. साहेब म्हणतात, तुझं केंद्र झोपलं आहे. साहेबाचंबी खोटं नाई. त्याईले वरून विचारतात. न झालेली गोष्ट कुठी दाखवाची त्यानं तरी?"

"हे साहेबाले सांगाचं होतं," कय्यूम म्हणाले.

"सांगतलं असतं तं सोमारीचं नाव कागदावर आलं असतं. आज साहेबाच्या टेबलावर, उद्या नक्षलवाल्यायच्या कानावर. बुढी जिती राह्यली असती का?"

कय्यूम खाटेच्या काठावर बसले. सुलतानाला त्यांचं बोलणं ठाऊक होतं, आणि तेच आलं. साहेब म्हणजे साहेब. त्याला जे पाहिजे ते द्यायचं, आपलं जे असेल ते सांभाळायचं. दोन केसेस टाकायच्या, बुढीला जामिनावर सोडायचं, माफी मागायची. त्यांनीही असंच केलं होतं. सोमवारी आत जाऊन म्हण, सर, पुढच्या महिन्यात दाखवतो. एवढंच. एवढ्याने फीत राहील.

"राहील म्हणजे? ती आहेच कुठी?" निशात म्हणाली. सासऱ्यांपुढे ती कधी बोलत नसे. "मी म्हणतो, द्या राजीनामा. दुकानात बसा भावाजवळ. इथी दर दिवशी मी रेडिओ लावून बसतो, बातमीत इरपटोला येते का म्हणून. फीतबी नको मले, टिकलीबी नको."

"दुकानात दोघांचं भागत नाई, भाभी," बिलाल चटकन म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर ओशाळला. आत्तापर्यंत तो आणि अब्बा एका बाजूला होते. आता कय्यूमनीच त्याच्याकडे रागाने बघितलं.

"आणि मी सोडून आलो," रईस निशातला म्हणाला, "तं माझ्या जागी जो येईल त्याले हिरवी टिकली पायजे असेल."

सुलताना स्वतःशीच धरून चालली होती की तिचं मत कय्यूमसारखंच आहे. म्हण ना बाबा, दाखवतो म्हणून. तोंडाने म्हणायला काय जातं? ती तसं बोलणारच होती, तेवढ्यात गिरजाबाईने पदराने तोंड पुसलं.

"कय्यूमभाऊ, रामाजीले किती शाबासक्या होत्या जी?"

"गिरजा, ते आता कशाला?"

"सांगा ना. तुमीच तं वाचून दाखवत होते मले. भिंतीवर जागा नव्हती. त्याईच्या हद्दीत एक घर नव्हतं ज्याच्यावर केस नाई. कामगिरी म्हणजे कामगिरी. ते गेले तवा साहेब मले म्हणाले, बाई, असा माणूस जिल्ह्यात नाई." ती थांबली. "त्या रस्त्यात काय पुरलं आहे ते त्या गावच्या लेकराबाळायले ठाऊक होतं म्हणे. पण यायले सांगाले त्या गावात कोणी उरलंच नव्हतं. यायनंच नाई उरवलं."

एवढं बोलून ती उठली, दालच्याचं पातेलं उचललं आणि घासायला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. दावतीच्या घरचं पातेलं शेजारणीने घासू नये, पण तिला कुणी अडवलं नाही.

मग कुलसुमबींनी पानदान मिटलं. सगळ्यांना वाटलं, आता अंगठी परत मागतात. फरहा दाराआड होती, तिने हात पाठीमागे नेला.

"मले एक समजून नाई राह्यलं," कुलसुमबी म्हणाल्या. "आमचे हे बारूदीच्या शेडमध्ये काम करतात. तिथी निरंक राह्यलं तं मिठाई वाटतात. अपघात निरंक, म्हणून फाटकावर पाटी लावतात. तुमच्या इथी निरंकवाल्याले शिक्षा करतात का?"

"तुमचा कारखाना शहाणा आहे, खाला," रईस म्हणाला.

"शहाणा नाई. तिथी नाई राह्यलं निरंक तं साहेबबी शेडमध्येच असते." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "रिश्त्याचं मी घरी विचारून सांगीन. हवालदार म्हणून सांगतलं होतं तुमी, हे मी विसरणार नाई हं सुलतानाबी. पण लोकं खराब आहेत असंबी नाई म्हणणार."

ऊन कलल्यावर मंडप उतरला. सुलताना वर्दी घेऊन ओट्यावर बसली. हातात दाढीचं पातं होतं. रईस येऊन खालच्या पायरीवर बसला. मगरिबची अजान व्हायची होती.

"मशीनवर लावाले पायजे होती," ती म्हणाली. "एका झटक्यात निघाली असती."

"राहू दे अम्मी. दुसरा सदरा आहे ना. हा तसाच ठेव, कामी पडेल."

"नाई. नसलेली फीत घरातबी नको."

ती एक-एक टाका पात्याच्या टोकाने उचलत होती. चार दिवसांपूर्वीचा आपलाच हात तिला परका वाटला; किती घट्ट घातला होता. थोड्या वेळाने तिने वर न बघता विचारलं, "सोडाची आहे का तुले नोकरी? खरं सांग."

रईसने पायरीवरची मुंगी बोटाने बाजूला केली. "थकलो आहे. जंगलाले नाई थकलो. तिकडं मले झोप लागते. गडचिरोलीले त्या तक्त्यापुढं उभं राह्यलो की थकतो. तिथी माझी पोरं पाह्यली तं लाल टिकलीची पोरं म्हणतात. त्यायलेबी वाटते, आपला नायक कामाचा नाई. मी त्यायले सांगूबी शकत नाई, तुमी जिते आहा ते कोणाच्या मेहरबानीनं." मग म्हणाला, "तू सांग. अब्बा म्हणतात तसं म्हणू का सोमवारी?"

सुलतानाने टाका उचलला. तो निघेना. तिने पातं बाजूला ठेवून नखाने सोडवला. दुपारी तिच्या मनात जे होतं ते अजून तिथेच होतं. एका शब्दाने सगळं मिटेल, हे तिला अजूनही दिसत होतं. पण कोपऱ्यात गिरजाबाई पातेलं घासत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी घासत होती.

"मले साहेब समजत नाई," ती म्हणाली. "तू दारात आला का मी विचारतो, कसं आहे. मले जे ऐकाचं असते तेच त्याले सांग."

शेवटचा धागा निघाला. बाहीवर फितीच्या जागी सुईच्या भोकांची बारीक ओळ राहिली. ती नखाने घासून बुजवायला गेली. काही बुजली, काही तशीच राहिली.

सोमवारी पहाटेच्या गाडीने रईस गडचिरोलीला निघाला. तो दारातून बाहेर पडला तेव्हा कय्यूमची खाट रिकामी होती. ते बसस्थानकावर आधीच जाऊन उभे होते. जुना सदरा, पायात पॉलिश केलेले बूट. "मले कर्मचारी पतपेढीत काम आहे," ते म्हणाले. काम काही नव्हतं. सगळी वाट बापलेक एकाच बाकावर बसून गेले.

आत काय झालं ते रईसने कधी कुणाला सांगितलं नाही. बाहेरचं मात्र सुलतानाला दुसऱ्या एका शिपायाकडून कळलं. ओ.आर.च्या दारापुढे कसुरदार रांगेत उभे होते. नावं पुकारली जायची तसा एक-एक जण टोपी आणि पट्टा काढून भिंतीलगतच्या बाकावर ठेवून आत जायचा. रईसचं नाव आलं. त्याने टोपी काढली, पट्टा सोडला, आणि बाकाकडे वळला तर पुढे दोन हात आले. कय्यूमनी दोन्ही वस्तू घेतल्या. टोपी एका हाताच्या तळव्यावर, पट्टा दुसऱ्या मनगटावर. तो बाहेर येईपर्यंत ते सावधान उभे राहिले. पहाऱ्यावरच्या पोराने म्हटलं, बाबा, बाकावर ठेवा ना. ते म्हणाले, "बाकावर धूळ आहे."

रईसच्या नावापुढे वाईट शेरा लागला. त्याला इरपटोल्याहून काढून मुख्यालयात गाड्यांच्या विभागात घातलं. तिथे तो टायर आणि डिझेलचा हिशोब ठेवू लागला. ते काम त्याने मान खाली घालून नीट केलं. निशातने रेडिओ लावणं सोडलं आणि दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. तिसरी फीत त्याला मिळाली ती नुसत्या वयाने, सगळ्यांना मिळते तशी, पुष्कळ उशिरा. तोवर सुलतानाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फीत निशातने लावली, हातानेच.

इरपटोल्यात नवा नायक गेला. चांगला पोरगा होता, मेहनती. त्याने पहिल्याच महिन्यात सोमारीवर केस टाकली आणि केंद्राला हिरवी टिकली मिळाली. सोमारी तारखेला एटापल्लीला चालत यायची. एकदा ती रईसचा पत्ता विचारत गडचिरोलीपर्यंत आली, बरोबर द्रोणात चारोळी घेऊन. त्याने तिला बसस्थानकावर चहा पाजला. ती म्हणाली, आता पोलिसाला गावात कोणी खाट देत नाही. रस्त्याचं ती काही बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पुढे त्या भागातली बातमी पेपरात आली की रईस पेपर घडी करून बाजूला ठेवायचा.

साहेब बढतीवर गेले. जाताना त्यांनी तक्ता तिथेच सोडला. पुढच्या साहेबांनी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं.

फरहाचं लग्न भद्रावतीलाच झालं. कुलसुमबी शेवटपर्यंत ऐकवत राहिल्या की आम्हाला हवालदार सांगितला होता. आणि कॉलनीत मात्र सुनेच्या भावाची गोष्ट त्याच सांगत. बिलालने दुकानाला काच लावली, तयार वर्द्या विकायला ठेवल्या. त्यांवर फिती मशीनवर लावलेल्या येतात. बिरजू अजून पँट आटवायला येतो आणि बिलाल त्याच्याकडून शिलाई आधी घेतो. गिरजाबाई मुलीकडे, मूल गावाला गेली, तिथेच वारली.

कय्यूम दोन हजार अकराच्या थंडीत गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. दार वाजलं की ते खाटेवरून मान उचलून विचारायचे, कोण आलं, काय झालं. तोवर चांद्याला बदलून आलेला रईस कामावरून येऊन दारात बूट काढत असायचा. तो खालूनच, मान वर न करता, म्हणायचा, "निरंक, अब्बा." मग ते मान उशीवर टेकायचे, आणि आत सुलताना तवा ठेवायची.